कामापुरती दीदी

दिल्लीत माणूस आजारी पडला, तर जायचं कुठे ही पंचाईत नसते. एम्स आहे, सफदरजंग आहे, लोकनायक आहे, राममनोहर लोहिया आहे. पंचाईत असते ती आत शिरायची. चिठ्ठी कोणत्या खिडकीवर काढायची, कोणता कागद नसला की परत पाठवतात, सोनोग्राफीची तारीख बाळंतपणानंतरची मिळाली तर कुणाच्या पाया पडायचं, हे ज्याला ठाऊक आहे तो अर्धा बरा झालाच म्हणायचा.

सरकारांना या पंचाइतीवर एकच औषध ठाऊक आहे, ते म्हणजे पाटी. जुलै २०१५ मध्ये पीरागढीला पहिलं मोहल्ला क्लिनिक उघडलं. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीचं सरकार बदललं आणि आयुष्मान आरोग्य मंदिरांची उद्घाटनं सुरू झाली. रोग्याचं काय झालं ते पुढे कळेलच, रंगाऱ्याचं मात्र भलं झालं. या सगळ्या उलथापालथीत गल्लीतल्या गरोदर बाईला खिडकीपर्यंत नेणारी बाई तीच राहिली. तिचं नाव आशा, घरोघर फिरणारी आरोग्यसेविका. तिला पाटीच नाही, त्यामुळे ती पुसून आपली लावायची सोय कुठल्याच पक्षाला नाही.

२००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा हजार वस्तीमागे एक आशा, असा हिशोब होता. २०१३ मध्ये शहरी अभियान आलं. दिल्लीत साधारण ४०० घरांमागे, म्हणजे दोनेक हजार माणसांमागे एक, अशा सहा हजारांच्या आसपास आशा आज गल्ल्या तुडवतात. गावातल्या आशेला निदान सगळे ओळखतात. संगम विहारसारख्या अनधिकृत वस्तीत एका दाराआड चार मजले, मजल्यागणिक तीन-चार बिऱ्हाडं आणि वर्षभरात त्यांतली निम्मी बदललेली. दार वाजवलं की आतून पहिला प्रश्न ‘कौन?’ आणि दुसरा ‘फिर सर्वे?’ वस्ती अनधिकृत असली तरी तिथली बाळं अधिकृत व्हायला हवीत. ती जबाबदारी हिची.

तिची पिशवी एकदा उघडून बघावी. झोळी अडकवायचा वजनकाटा, तापमापक, सेकंद दाखवणारं घड्याळ, बॅटरी, बाळाला गुंडाळायचं कापड आणि जाडजूड रजिस्टर. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी हिनं तिच्या घरी जायचं. हात धुवायचे, बाळाला झोळीत घालून काट्याला टांगायचं, आकडा लिहायचा, काखेत तापमापक धरायचा. मग घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजायचे. साठाच्या वर गेले तर उचला आणि दवाखाना गाठा. हे चाललेलं असताना खाटेच्या कडेला सासू बसलेली असते. एका हातात जन्मघुट्टीची बाटली, दुसऱ्या हातात मधाचं बोट. या दोन्हींशी तंडायचं, पण तंडतोय असं वाटू द्यायचं नाही. कारण सासू बिनसली, की सातव्या दिवशी दार उघडत नाही.

या सहा भेटींचे मिळून २५० रुपये. भेटीला ४१ रुपये ६६ पैसे. दिल्ली मेट्रोत ऑगस्ट २०२५ पासून बारा किलोमीटरच्या पुढे गेलात तर तिकीटच ४३ रुपयांचं आहे. म्हणजे बाळाचे श्वास मोजून झाल्यावर आशेला फार लांब राहून चालणार नाही.

बरं, हे अडीचशेही सरसकट नाहीत. या कामाची नियमावली २०११ ची. बाळाचं वजन कार्डावर हवं, लशी टोचलेल्या हव्यात, जन्माची नोंद हवी आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत. चुकून बाळ तिसाव्या दिवशी गेलं तर तोवरच्या पाच भेटींचं काय, हा प्रश्न ज्यांनी नियम लिहिला त्यांना पडला नसावा. बाळ गेलेल्या घरात सांत्वनाला जाण्याचे पैसे तर कोणत्याच कोष्टकात नाहीत. ती मात्र जाते.

आता शहराची खरी गंमत. बाई तिसऱ्या महिन्यात नोंदवली, लोहाच्या गोळ्या दिल्या, तपासण्या करून आणल्या, आणि आठव्या महिन्यात तिच्या नवऱ्यानं तिला आनंद विहारहून बिहारच्या गाडीत बसवलं. बाळंतपण माहेरी. हक्काचं आहे, रीत आहे, कोण अडवणार? पण बाळंतपण दरभंग्याला झालं, की दिल्लीच्या रजिस्टरमधली ती ओळ पांगळी होते. सहा महिन्यांची पायपीट आशेच्या खात्यावर ‘इतर’मध्ये. शहरातली गरीब बाई दोन गावांची असते, आणि सरकारी रकाना एकाच गावाचा.

त्यात हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, कोपऱ्यात राजस्थान. न्यू अशोक नगरात राहणारी बाई रस्ता ओलांडून नोएडात गेली की तिचं बाळंतपण महाग होतं. जननी सुरक्षा योजनेत उत्तर प्रदेश ‘मागे पडलेलं’ राज्य, म्हणून तिथल्या शहरात सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या कोणत्याही बाईला १००० रुपये. दिल्ली ‘पुढारलेली’, म्हणून इथे ६०० आणि तेही दारिद्र्यरेषेचं कार्ड किंवा अनुसूचित जाती-जमातीचा दाखला असेल तर. दाखला गावी, बाई इथे. पुढारलेल्या राज्यात गरिबी सिद्ध करणं हेच मुळात गरिबाच्या आवाक्याबाहेरचं काम, आणि ते करून द्यायचं कुणी? बरोबर ओळखलंत.

आशेचा स्वतःचा भावही सीमेवर बदलतो. २०२० साली जंतर मंतरवर बसलेल्या दिल्लीच्या आशांची महिन्याची मूळ रक्कम होती ३००० रुपये, तीही ठरलेले गुण भरले तर. बदरपूरची सीमा ओलांडून फरिदाबादला या. तिथे हरियाणाच्या आशांनी २०२३ मध्ये दोन महिन्यांहून अधिक संप केला, तेव्हा राज्याचं मानधन ४००० वरून ६१०० झालं. तोच ताप, तोच डेंग्यू, तीच झोळी. डासाला सीमा कळत नाही, वित्त खात्याला बरोबर कळते.

*

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं हिचं काम दर वर्षी वाढतं. बाळंतपण आणि लसीकरण हा मूळ पाया. त्यावर क्षयरोग्यांच्या गोळ्या, कुष्ठरोगाचा शोध, पोलिओचा रविवार, तापाची पाहणी, साखर-रक्तदाबाचे फॉर्म. मग आलं आभा कार्ड, म्हणजे आरोग्याचं डिजिटल ओळखपत्र. मग सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड. फोन तिचा, रिचार्ज तिचा, ॲप सरकारचं. ॲप बंद पडलं की शिव्याही तिलाच. सगळ्यात मौज या कार्डांसाठी लागणाऱ्या ओटीपीची. बँक दिवसरात्र बजावते की ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि ही दारात उभी राहून म्हणते, मला सांगा. सायबर चोरांच्या या राजधानीत दोन हजार अनोळखी माणसं जिला ओटीपी सांगतात, तिची किंमत खरं तर एखाद्या बँकेनं करायला हवी होती.

ती एकटी नाही. दिल्लीत आणखी एक जमात आहे, तुमच्या कूलरमध्ये वाकून बघणारी. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूनं हाहाकार माजवला. १०,२५२ रुग्ण, ४२३ मृत्यू. त्यानंतर महापालिकेनं घरोघर अळ्या शोधायला कंत्राटी माणसं नेमली. ‘डोमेस्टिक ब्रीडिंग चेकर’ हे त्यांचं नाव, दिल्लीकरांच्या तोंडी नुसतं ‘डीबीसी’. कुंडीखालची ताटली, गच्चीवरची टाकी, कूलरचं तळ, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, सगळीकडे बॅटरी मारून अळी शोधायची. ग्रेटर कैलाशच्या कोठीत कुत्रा आणि चौकीदार दोघांची परवानगी घेऊन. अळीला महापालिकेच्या दप्तरात रकाना होता, दंडाचा आकडाही होता. अळी शोधणाऱ्याला मात्र वर्षानुवर्षं धड पदनामच नव्हतं. शेवटी २०२५ च्या डेंग्यूच्या हंगामात ही मंडळी समान वेतनासाठी संपावर बसली. डासांना त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी मोकळं रान होतं.

*

कोविड आठवतो? ३ मे २०२० रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी दिल्लीतल्या इस्पितळांवर फुलं उधळली. आशा त्या वेळी इस्पितळात नव्हती, गल्लीत होती, त्यामुळे पाकळ्या तिच्यापर्यंत पोचल्या नसाव्यात. ती दारादारांवर विलगीकरणाचे कागद चिकटवत होती. ज्या दारांवर तिनं वर्षानुवर्षं ‘दीदी’ ऐकलं, त्याच दारांवर ‘तूच आणलास रोग’ ऐकत होती. या कामाचे केंद्राकडून महिन्याला जादा १००० रुपये. दिवसाचे तेहतीस. मुखपट्टी बहुतेक ठिकाणी पदरमोड करून.

९ ऑगस्ट २०२० ला या बाया जंतर मंतरवर गेल्या. सुरक्षेची साधनं द्या, ठरलेला पगार द्या, एवढीच मागणी. दिल्ली पोलिसांनी शंभरेक जणींवर गुन्हा नोंदवला. कशाबद्दल? कोविडचे नियम मोडले म्हणून. अख्ख्या शहराला हात कसे धुवायचे आणि अंतर किती ठेवायचं हे ज्यांनी शिकवलं, त्यांना अंतराचा कायदा शिकवण्यात आला.

बरोबर एकवीस महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य सभेत महासंचालकांचा पुरस्कार भारताच्या दहा लाखांहून अधिक आशांना जाहीर झाला. दिल्लीतून अभिनंदनाचे संदेश निघाले. जंतर मंतर ते जिनिव्हा हे अंतर आपल्या सरकारी यंत्रणेला असं सहज कापता येतं, फक्त मधे पगाराचं स्टेशन घेत नाही.

*

मराठी वाचकानं या प्रकरणात नुसतं चुकचुकून भागणार नाही, कारण या कल्पनेचं माहेर आपल्याकडे आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले आणि गावातल्या, बऱ्याचदा अक्षरओळख नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. १९७९ मध्ये त्या कामाला मॅगसेसे मिळालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. संगम विहारमधल्या आशेच्या पिशवीतला काटा आणि घड्याळ हे त्या प्रयोगाचंच देणं. दिल्लीनं गडचिरोलीची पिशवी उचलली. त्या पिशवीमागे रोजचं प्रशिक्षण, सोबत आणि मान होता, तो मात्र वजनाला जड वाटला असावा.

सरकारी इतिहासही रंजक आहे. २ ऑक्टोबर १९७७ ला जनता सरकारनं, राजनारायण आरोग्यमंत्री असताना, खेडोपाडी आरोग्य कार्यकर्ते नेमले. महिना ५० रुपये. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. पुरुषच ते, त्यांनी लगेच संघटना केली आणि कायम करा म्हणाले. सरकारनं कायम काय केलं? ५० रुपये. बाकी १९८० ला त्यांचं नाव स्वयंसेवक झालं, १९८१ ला आरोग्य मार्गदर्शक. पुढच्या खेपेला, म्हणजे २००५ मध्ये, शहाणपण आलं आणि फक्त बायका घेतल्या. बाया भांडणार नाहीत, हा अंदाज चुकला एवढंच.

केरळच्या आशा १० फेब्रुवारी २०२५ पासून तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर आठ महिन्यांहून जास्त बसल्या. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये आझाद मैदान भरलं, तेव्हा मार्चमध्ये राज्यानं ५००० ची वाढ दिली. दिल्लीच्या अंगणवाडी ताई २०२२ च्या जानेवारीअखेर संपावर गेल्या, ३८ दिवस बसल्या. सरकारनं मानधन ९,६७८ वरून १२,७२० केलं खरं, पण मार्चमध्ये नायब राज्यपालांनी अत्यावश्यक सेवा कायदाही लावला आणि शेकडो जणींना घरी पाठवण्यात आलं. या बाया कागदोपत्री मानसेवी. म्हणजे सेवा इतकी अत्यावश्यक की थांबवली तर गुन्हा, आणि इतकी ऐच्छिक की पगार मागितला तर गैरसमज.

*

सरकारी बाजू अगदीच पोकळ नाही, तीही ऐकू. अधिकारी म्हणतात, आशेला कायम केलं की ती बाबू होईल. टेबलामागे बसेल, दारं वाजवायची सोडेल. कामागणिक पैसे असले की काम होतं. युक्तिवाद ऐकायला गोड आहे. मग तो वरून का लागू करू नये? खासदारांना प्रश्नामागे ४१ रुपये ६६ पैसे द्यावेत, विधेयक बेचाळीस दिवस सुखरूप राहिलं तरच बाकीचे. सचिवांना फायलीमागे. बदलीमागे काही देऊ नये, तो धंदा स्वयंपूर्ण आहे.

मार्च २०२५ चा महिना या दृष्टीनं संस्मरणीय ठरावा. ४ तारखेच्या बैठकीत केंद्रानं आशांच्या नेहमीच्या कामांची महिन्याची रक्कम २००० वरून ३५०० करायचं ठरवलं. त्याआधीची वाढ २०१८ ची. २४ तारखेला खासदारांच्या वेतनाची अधिसूचना निघाली. एक लाखाचे एक लाख चोवीस हजार, दैनिक भत्ता २००० चा २५००, आणि हे सगळं मागे जाऊन १ एप्रिल २०२३ पासून लागू. शिवाय महागाईशी जोडलेलं. आशेची महागाई निराळी असते, ती सात वर्षांतून एकदा येते. खासदाराचे दोन दिवसांचे भत्ते घेतले की आशेच्या त्या महिन्याचा हिशोब मिटतो, वर १५०० उरतात. त्यात सहा बाळंतिणींची घरं बघून होतील.

तुलनेसाठी खाली बघायचं असेल तर तिकडेही बघू. एप्रिल २०२५ पासून दिल्लीत अकुशल मजुराचं किमान वेतन महिना १८,४५६ रुपये. बाळाचे श्वास मोजणारी बाई अकुशल मजुराच्या रांगेतही बसत नाही, कारण ती मजूरच नाही, असं सरकारचं म्हणणं. २०१३ च्या पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेनं, जिथे सरकार, मालक आणि कामगार तिघं एकत्र बसतात, सांगून टाकलं होतं की योजनांतल्या या बायांना कामगार माना, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. शिफारस झाली, सरकारं आली-गेली, शिफारस आहे तिथेच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत गिग कामगार आला, प्लॅटफॉर्म कामगार आला, त्यांची व्याख्या झाली. चांगलं झालं, उन्हातान्हात मोटरसायकल हाणणाऱ्या पोराला कायद्यात जागा मिळाली. आशेच्या नावानं मात्र ओळ नाही. डिलिव्हरी देणारा कायद्यात आला, डिलिव्हरी करवणारी अजून उंबऱ्याबाहेर.

आणि आपण? गुरुग्राम-नोएडाच्या उंच सोसायट्यांत राहणाऱ्यांना वाटतं, हा झोपडपट्टीचा विषय. आशेला गेटवर सुरक्षारक्षक अडवतो, कुठल्या फ्लॅटनं बोलावलंय विचारतो. पण त्याच फ्लॅटमध्ये पोळ्या लाटणारी बाई, गाडी पुसणारा मुलगा आणि बाळ सांभाळणारी आया जिथून येतात, त्या गल्लीचा क्षयरोग आणि गोवर ही बाई थोपवून धरते. त्यासाठी तिला ना गेटपास, ना पगार. शहराला ती हवी असते फक्त मोहीम असेल त्या आठवड्यापुरती. उरलेला महिना ती कोण, हे विचारायचं नाही. कामापुरता मामा आपल्याकडे पूर्वीपासून आहे. कामापुरती दीदी ही दिल्लीची भर.

करायचं काय, ते गूढ नाही. मूळ पगार ठरवा, किमान वेतनाइतका तरी. भविष्यनिर्वाह निधी आणि आजारपणाचा विमा द्या. विशेष कामाचे पैसे त्यावर द्या, त्याऐवजी नको. बाळ दगावलं तरी केलेल्या भेटी मोजा. बाई माहेरी गेली तर दिल्ली आणि दरभंगा यांनी ते बाळंतपण वाटून घ्यावं, ॲप एवढी बनवताच आहात तर त्यासाठी एक बनवा. आणि राजधानी क्षेत्रातल्या चार सरकारांनी निदान आशेपुरता एक दर करावा. थोडक्यात, दरपत्रक फाडा आणि पगारपत्रक द्या.

खर्च किती येईल, असं विचारणारे विचारतीलच, आणि विचारायलाही हवं. फक्त खासदारांची वाढ दोन वर्षं मागे जाऊन लागू झाली तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला होता, तेवढं नाव आधी कळवावं.